क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर का होतो?



हंगाम आटोपून उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, की आठवडी बाजारात, पेट्रोलपंपावर आणि बँकेच्या दारात क्रेडिट कार्डाचे फॉर्म घेऊन मुले उभी राहतात. "काका, नुसती सही करा, आठ दिवसांत कार्ड घरी येईल," असे सांगितले जाते. सही होते, आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या जातात. आणि पंधरा-वीस दिवसांनी मोबाइलवर दोन ओळींचा निरोप येतो की, आपला अर्ज आमच्या निकषांत बसत नसल्याने मंजूर करता येत नाही.

मग चावडीवर चर्चा होते. "माझी बारा एकर बागायत. कारखान्याला दरसाल चारशे टन ऊस घालतो. मला नाही म्हणतात, आणि पंधरा हजार पगाराच्या पोराला घरपोच कार्ड देतात. हा कुठला न्याय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सभासदांना मिळाले पाहिजे, म्हणून हा लेख.

पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगावयाची ती अशी की, असा नकार हा कोणाच्या अब्रूवरचा शेरा नसतो. बँकेने आपले शिवार पाहिलेले नसते, गावात आपल्या शब्दाला काय वजन आहे हेही तिला माहीत नसते. तिने आपल्या नावाची एक लेखी नोंद तेवढी वाचलेली असते. ही नोंद कशी तयार होते, तीत काय असते आणि काय नसते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि हीच नोंद उद्या ट्रॅक्टरच्या, ठिबकच्या किंवा मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाच्या वेळी पुन्हा वाचली जाणार आहे. कार्डावाचून कोणाचे अडत नाही. पण ट्रॅक्टरचे कर्ज ऐन वेळी अडले तर अख्खा हंगाम अडतो. म्हणून कार्ड हवे असो वा नसो, नकाराचे कारण समजून घेणे हिताचे आहे.

दोन कार्डांची गल्लत

आपल्याकडे पुष्कळ जण किसान क्रेडिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड ही एकच गोष्ट समजतात. नावात साम्य असले तरी दोहोंचा पाया निराळा आहे.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. ते मूळचे पीककर्ज आहे. जमीन किती, पीक कोणते आणि त्या पिकाला एकरी कर्जदर किती, यावरून मर्यादा ठरते. म्हणजे येथे आपला सातबारा आणि आठ-अ बोलतो. पीककर्जासाठी सिबिलची अडवणूक करू नये, असे राज्य शासनाने बँकांना वेळोवेळी बजावलेलेही आहे.

बाजारात मिळणारे क्रेडिट कार्ड मात्र विनातारण उधारी आहे. बँक जमीन गहाण घेत नाही, सोने ठेवून घेत नाही, जामीनदार मागत नाही. आज वस्तू घ्या, महिन्याचे बिल आले की ठरलेल्या तारखेला पैसे भरा, असा हा व्यवहार आहे. बुडाले तर बँकेच्या हाती तारण काहीच नसते. त्यामुळे बारा एकर असो की बावीस, त्याचा या कार्डासाठी थेट उपयोग होत नाही. बँकेला तीनच गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात : माणूस तोच आहे ना, महिन्याला त्याच्या हाती काय येते, आणि यापूर्वी घेतलेली उधारी त्याने कशी फेडली. अर्ज नामंजूर होतो तो बहुतेक या तिहींपैकी एका ठिकाणी अडून.

कर्जफेडीचा सातबारा

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेथे लिहिलेले असते त्या कागदाला पत-अहवाल म्हणतात. गावात त्याला सरसकट 'सिबिल' म्हणतात. पण सिबिल हे ती माहिती ठेवणाऱ्या एका कंपनीचे नाव आहे. आपल्या देशात रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. २००५ सालच्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली हे काम चालते. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवतात. जिल्हा मध्यवर्ती बँका व नागरी सहकारी बँकांसह सर्वांनी या चारही कंपन्यांचे सभासद व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये काढला. पूर्वी माहिती महिन्यातून एकदा जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला देण्याचे बंधन आले.

जमिनीचा जसा सातबारा, तसा हा आपल्या कर्जफेडीचा सातबारा समजावा. सातबाऱ्यावर मालकाचे नाव, क्षेत्र आणि बोजा असतो. या अहवालात आपले नाव, पॅन, पत्ता, आजवर घेतलेली कर्जे, प्रत्येकाची बाकी आणि मागील छत्तीस महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा भरला, हे महिनावार दिलेले असते. वेळेवर भरलेल्या महिन्याखाली तीन शून्ये असतात. महिनाभर उशीर झाला तर तेथे तीसचा आकडा पडतो, तीन महिने झाले तर नव्वदचा. ही सर्व माहिती हिशेबात घेऊन ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक गुणांक काढतात. आकडा जितका मोठा, तितकी पत चांगली. साधारणपणे साडेसातशेच्या वर असला की बँका खुशीने पाहतात. तथापि अमुक आकड्याला कार्ड मिळालेच पाहिजे असा कायदा नाही. प्रत्येक बँक आपापली रेघ आखते.

आता या अहवालात काय नसते, तेही ध्यानात घ्यावे. जमीन नसते, घर नसते, बचत खात्यातील शिल्लक नसते, ठेवी नसतात, उसाचे टनेज नसते, कारखान्याचे शेअर्स नसतात. जात-धर्म नसतो. गुणांक काढताना उत्पन्नही धरत नाहीत. केवळ घेतलेली उधारी आणि तिची फेड एवढाच हा हिशेब होय. म्हणूनच जन्मभर रोखीने व्यवहार केलेल्या सचोटीच्या शेतकऱ्याचे पान येथे कोरे असू शकते.

नकाराची कारणे

१. नावांचा घोळ. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पॅनवर तिसरे, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. कोठे आडनाव आधी, कोठे मागे; कोठे वडिलांचे नाव पूर्ण, कोठे एकच अक्षर; इंग्रजी स्पेलिंग तर लिहिणाऱ्याच्या मनावर. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर निराळी. पत्ता जुन्या वस्तीचा. बँकेच्या यंत्राला यातून माणूस जुळवता आला नाही की अर्ज तेथेच थांबतो. याहून वाईट म्हणजे एकाच गावात एकाच नावाचे चार जण असले, तर एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसण्याचा संभव असतो.

२. उत्पन्न आहे, पण दिसत नाही. नोकरदाराचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यावर पडतो. आपला आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो आणि पैसे दोन-तीन हप्त्यांत येतात. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने पुष्कळांनी विवरणपत्र कधीच भरलेले नसते. बँक मागते पगारपत्रक किंवा आयकराचे कागद. आपल्याजवळ दोन्ही नाहीत. त्यात घरातली वाटणी अशी की, सातबारा आईच्या नावावर, उसाची नोंद थोरल्या भावाच्या नावावर आणि बिल जमा होते धाकट्याच्या खात्यावर. ज्याच्या खात्यावर पैसे पडतात त्याचेच उत्पन्न बँकेला दिसते. बाकीच्यांनी अर्ज केला तर ते कागदावर रिकामे ठरतात. आमच्या भगिनी सभासदांच्या बाबतीत हे विशेष घडते. राबणारी ती, जमीनही तिच्या नावावर, पण खाते मालकाचे.

३. पूर्वीचा इतिहासच नाही. ज्याने कधी बँकेचे कर्जच घेतले नाही, त्याचा गुणांक निघत नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही एवढ्यावरून फेटाळू नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना सल्ला आहे आणि केंद्र शासनानेही २०२५ साली लोकसभेत तो पुन्हा सांगितला. तरीही विनातारण कार्डाच्या बाबतीत बँका कोऱ्या पानाला बिचकतात, हे खरे आहे.

४. हप्ता मागे पडलेला. हे सर्वांत मोठे कारण. थकबाकी मोठीच असावी लागते असे नाही. हप्त्यावर घेतलेला मोबाइल किंवा फ्रीज, त्याचा शेवटचा हप्ता राहून गेलेला. जुने कार्ड वापरणे बंद केले पण वार्षिक फी चढतच राहिली. अशा दोन-चारशे रुपयांनीही पान डागाळते.

येथे ऊस उत्पादकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कर्जाची रक्कम बिलातून कपात झाली म्हणजे कर्ज फिटले, असे आपण धरून चालतो. कपात ही पहिली पायरी झाली. ती रक्कम सोसायटीकडे वा बँकेकडे पोहोचली कधी आणि कर्जखात्याला जमा कोणत्या तारखेस झाली, यावर नोंद ठरते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत बिल देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास सालीना पंधरा टक्के व्याजाची तरतूद आहे. परंतु बिल लांबले म्हणून आपला हप्ता लांबला, हे पत-अहवालात कोठेही लिहिलेले नसते. तेथे फक्त सभासदाच्या नावापुढे उशिराचे दिवस पडतात. म्हणून बिलपावतीवरील कपात आणि कर्जखात्याचा उतारा दोन्ही ताडून पाहावेत. फरक दिसल्यास कारखान्याच्या लेखा विभागात व गटसचिवांकडे त्याच आठवड्यात विचारावे. तो विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे.

५. जामीनकीची सही. पाहुण्याच्या ट्रॅक्टरला, भावकीतल्या दुकानाला, ओळखीच्या तोडणी-वाहतूक ठेकेदाराच्या कर्जाला आपण भिडेखातर जामीन राहतो. "नुसती सही तर करायची आहे," असे म्हणतात. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही जामीनदार म्हणून नोंदले जाते. तिकडे ठेकेदाराची टोळी उचल घेऊन पळाली, त्याचा हप्ता थकला, की इकडे आपला अर्ज अडतो. आपण एक रुपया घेतलेला नसतो, हे सांगून भागत नाही.

६. तडजोडीने मिटवलेले कर्ज. थकलेले कर्ज एकरकमी तडजोडीत काही सूट घेऊन मिटवले, तर बँकेच्या दृष्टीने खाते संपते. पण अहवालात त्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा राहतो. पूर्ण फेडीचा शेरा 'क्लोज्ड' असा असतो. पहिल्याचा अर्थ बँका असा वाचतात की, याने पूर्ण पैसे दिलेले नाहीत. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने बुडीत धरलेले कर्ज. तो शेरा त्याहून जड. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांचा लाभ ज्यांनी घेतला, त्यांनी आपल्या त्या खात्यापुढे काय शेरा आहे हे एकदा डोळ्यांनी पाहावे. योजनेचा लाभ घेणे यात काही गैर नाही. पण मिटलेले खाते अहवालात अजून थकीत दिसत असेल तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेतली पाहिजे.

७. एकाच महिन्यात चार अर्ज. एका बँकेने नाही म्हटले की माणूस ईर्षेने दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज करतो. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक अहवाल मागवते आणि त्या मागणीचीही नोंद होते. चार-पाच नोंदी एका ओळीत दिसल्या की पुढची बँक समजते, हा गृहस्थ पैशाला फार अडलेला दिसतो. याउलट आपण स्वतः आपला अहवाल पाहिल्याने गुणांक कमी होत नाही.

८. आधीच बोजा जास्त. ट्रॅक्टर, घर, मोटारसायकल आणि सोनेतारण असे सगळे चालू असेल, तर हप्ते वेळेवर असूनही बँक म्हणते की, आणखी ओझे या माणसाला पेलणार नाही. हाती एक कार्ड असून त्याची मर्यादा दर महिन्याला काठोकाठ वापरणाऱ्यालाही हेच उत्तर मिळते.

९. बँकेचे स्वतःचे धोरण. काही बँका ठराविक पिनकोडच्या भागातच कार्ड देतात. आपले गाव त्या यादीत नसेल तर आपण कितीही चोख असलो तरी अर्ज परत येतो. या कारणात आपला दोष काहीच नसतो आणि त्याची खंतही करू नये.

१०. आपले नसलेले कर्ज. आपल्या आधार-पॅनच्या झेरॉक्सवर दुसऱ्यानेच कर्ज उचलल्याचे अहवाल पाहिल्यावर कळते, असेही घडते. कोऱ्या फॉर्मवर सह्या आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स कोणाच्याही हाती देऊ नयेत. मग तो माणूस कितीही ओळखीचा असो आणि काम कोणत्याही संस्थेचे असो. झेरॉक्सवर आडवी सही करून ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली, ते लिहावे.

नकार आल्यावर काय करावे?

पहिले काम, कारण लेखी मागावे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत स्पष्ट म्हटले आहे की, क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारल्यास त्याचे नेमके कारण बँकेने अर्जदाराला लेखी कळवले पाहिजे. 'अंतर्गत निकष' हे काही नेमके कारण नव्हे. शाखेत जाऊन किंवा बँकेच्या तक्रार कक्षाला पत्र देऊन ते विचारावे आणि पत्राची पोच घ्यावी.

दुसरे काम, आपला पत-अहवाल काढावा. चारही कंपन्यांनी प्रत्येक माणसाला दर कॅलेंडर वर्षी एक संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य दिला पाहिजे, असा नियम आहे. तो त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळतो. घरातील शिकलेल्या मुलाला वा मुलीला शेजारी बसवून काढावा. चारांचे चार अहवाल एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एकेकाचा काढला, तर वर्षभर पैसे न देता नजर राहते.

अहवाल हाती आला की गुणांकाकडे नंतर पाहावे. आधी नाव, जन्मतारीख, पॅन व पत्ता तपासावा. मग एकेक खाते पाहावे : हे कर्ज माझे आहे का, बाकी बरोबर आहे का, फिटलेले खाते बंद दाखवले आहे का, मी कोठे जामीनदार म्हणून दिसतो आहे का.

तिसरे काम, चूक आढळल्यास तक्रार नोंदवावी. ती पतमाहिती कंपनीकडे करता येते आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडेही. कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही. ती बँकेला विचारते आणि बँकेने मान्य केल्यावर दुरुस्ती होते. म्हणून बेबाकी दाखला आणि शेवटच्या भरण्याची पावती दोन्हीकडे जोडावी. सर्व मिळून तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यापेक्षा उशीर झाल्यास अर्जदाराला दररोज शंभर रुपयांप्रमाणे भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही विचारता येते.

सातबाऱ्यावरचा बोजा आणि अहवालातली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला तलाठ्याकडे नेऊन बोजा कमी करून घेतला, म्हणजे पत-अहवाल आपोआप साफ झाला असे होत नाही. दोन्हीकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

चौथे काम, अहवाल खरा असेल आणि दोष आपल्याच फेडीत असेल, तर तो मान्य करून धीराने सुधारावा. थकलेले असेल ते आधी भरावे. 'सेटल्ड' खात्यातील सूट मिळालेली रक्कम भरण्याची ऐपत असेल, तर बँकेशी बोलून ती भरावी, पूर्ण फेडीचा दाखला घ्यावा आणि शेरा बदलण्यास सांगावे. त्यापुढे सहा महिने ते वर्षभर प्रत्येक हप्ता तारखेच्या आत गेला की पानावर शून्यांच्या ओळी दिसू लागतात. खोडव्याला जसे पाणी आणि खत वेळच्या वेळी द्यावे लागते, तसेच हे काम आहे. एका रात्रीत पीक येत नाही.

ज्यांचे पान कोरे आहे त्यांच्यासाठी एक साधी वाट आहे. पुष्कळ बँका मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड देतात. बिलाच्या पैशातून पंधरा-वीस हजारांची ठेव ठेवावी, तिच्यावर कार्ड घ्यावे, महिन्याला खताचे किंवा डिझेलचे थोडे बिल त्यावर करावे आणि सगळे पैसे तारखेच्या आत भरावेत. ठेवीचे व्याजही चालू राहते आणि इतिहासही तयार होतो. उत्पन्नाचा पुरावा हवा असल्यास मागील दोन-तीन हंगामांच्या बिलांचा दाखला कारखान्याच्या कार्यालयातून मागून घ्यावा आणि ज्या खात्यावर बिल जमा होते त्याच बँकेत आधी अर्ज करावा. तिने आपले येणे वर्षानुवर्षे पाहिलेले असते.

कार्ड खरेच हवे आहे का?

हा प्रश्न शेवटी प्रत्येकाने स्वतःला विचारावा. बिल पूर्ण व वेळेवर भरणाऱ्याला कार्डावर वीस ते पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, ही सोय खरी. पण बिलावर 'किमान भरावयाची रक्कम' म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो. तेवढाच भरला की बाकीवर व्याज चढते. बऱ्याच कार्डांवर हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. वीस हजार रुपये राहिले तर महिन्याचे व्याज सातशे रुपये, वर अठरा टक्के जी.एस.टी., मिळून आठशे सव्वीस रुपये.

आता तेच वीस हजार किसान क्रेडिट कार्डावर घ्या. २०२५-२६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास ते चार टक्क्यांनी पडते. म्हणजे पूर्ण वर्षाचे व्याज आठशे रुपये. तेथले वर्षाचे व्याज येथल्या एका महिन्याच्या व्याज व जी.एस.टी. यांच्या बेरजेपेक्षाही कमी. ए.टी.एम.मधून क्रेडिट कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते, शिवाय वेगळा आकार. म्हणून बियाणे, लागवड आणि मजुरी यांसाठी हे कार्ड कदापि वापरू नये. ज्याच्या हाती वर्षातून दोनदा पैसा येतो, त्याने दर महिन्याची उधारी विचार करूनच अंगावर घ्यावी. अशा वेळी बँकेचा नकार हा एखाद्याला लाभाचाच ठरतो.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. "सिबिल वाढवून देतो, पाच हजार द्या," असे सांगणारे एजंट आता तालुक्याच्या गावीही आहेत. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास पैसे लागत नाहीत. अशा माणसाला पैसे, कागद किंवा मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. देऊ नये. फसवणूक झालीच, तर लाजून घरी न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

सभासदांनी एवढे अवश्य करावे

१. घरातील प्रत्येक सज्ञान माणसाचे आधार, पॅन आणि बँक खात्यावरील नाव एकसारखे करून घ्यावे.
२. वर्षातून किमान एकदा पत-अहवाल काढून वाचावा. मोठे कर्ज काढावयाचे असल्यास चार महिने आधी.
३. बिलातील कपात आणि कर्जखात्याचा उतारा दर हंगामाला ताडून पाहावा.
४. जामीन राहण्यापूर्वी हे कर्ज आपल्यालाच फेडावे लागले तर फेडता येईल का, याचा विचार करावा.
५. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेऊन तो जपून ठेवावा.
६. एक अर्ज नामंजूर झाल्यास कारण कळल्याखेरीज दुसरा करू नये.
७. उसाची नोंद आणि बिलाचे खाते जमीनधारकाच्या, विशेषतः भगिनी सभासदांच्या, स्वतःच्या नावावर ठेवावे.

नांगरट, बेणे, पाणी आणि तोड यांचा हिशेब आपण वहीत ठेवतोच. त्याच वहीत एक पान या नोंदीसाठी राखून ठेवावे, अशी सर्व सभासदांना आग्रहाची विनंती आहे.